अपडेट आला की लाँचर अडतो: पॅरेंटल कंट्रोल आणि गेम लाँचर यांचं भांडण सोडवताना

तक्रार अशी. मुलांच्या संगणकावर पॅरेंटल कंट्रोल (मुलाने काय आणि किती वेळ चालवावं हे ठरवणारा प्रोग्रॅम) लावलेलं आहे, गेमला रीतसर परवानगी दिलेली आहे, चार-आठ दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस लाँचर, म्हणजे गेम उतरवून घेणारा आणि चालू करणारा प्रोग्रॅम, उघडतच नाही. किंवा उघडतो, पांढरी विंडो दाखवतो आणि गायब होतो. किंवा ज्याला आपण गेल्याच आठवड्यात ‘हो’ म्हटलं होतं, त्यासाठीच पुन्हा परवानगी मागतो. आपण पुन्हा देतो. चालतं. आणि पुढच्या आठवड्यात येरे माझ्या मागल्या.

आमच्याकडे हे जवळजवळ दोन महिने चाललं होतं. आमचा लाँचर कोणता आणि कंट्रोल कोणतं हे सांगत बसत नाही, कारण त्यानंतर भावाच्या घरी आणि दोन मैत्रिणींकडे अगदी वेगळ्या जोड्यांमध्ये हाच घोळ निस्तरला आणि कारणं फिरून फिरून तीच निघाली. खाली जे लिहिलंय ते विंडोज १० आणि ११ धरून आहे.

वहीतल्या पाच ओळी

पहिले पाच आठवडे मी भलतीकडेच शोधत होते. लाँचर तीनदा काढून परत बसवला. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला. अँटिव्हायरसला शिव्या दिल्या. शेवटी कंटाळून मुलीला सांगितलं, की अडलं की मला हाक मारू नकोस. तारीख, वेळ आणि स्क्रीनवर नेमकं काय दिसलं ते लिहून ठेव. तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलं:

‘शुक्र ५.१०, पांढरं आलं मग गेलं.’ ‘शनि सकाळी, आईने हो केलं, चाललं.’ ‘बुध ५.३०, खाली छोटी पट्टी आली अपडेटिंग, मग पांढरं.’ ‘बुध ५.४५, परत पांढरं.’ ‘गुरु, आईने हो केलं, चाललं.’

तिसऱ्या ओळीत सगळं होतं. मी ज्या वेळी संगणकापाशी बसायचे तेव्हा ती पट्टी कधीच येऊन गेलेली असायची, त्यामुळे मला कायम पांढरी विंडोच दिसायची. लाँचर मोडत नव्हता. स्वतःला अपडेट करत होता, आणि अपडेट झालेल्या लाँचरला कंट्रोल ओळखत नव्हतं.

तुमच्याकडेही दुरुस्तीला हात घालण्याआधी आठवडाभर अशी नोंद ठेवा. अडचण दर वेळी अपडेटनंतर येते, ठरावीक वेळेला येते, की ठरावीक गेमलाच येते, एवढं कळलं तरी निम्मं काम झालं.

लाँचर एकटा नसतो

आपण ‘लाँचरला परवानगी दिली’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक चिन्ह असतं. प्रत्यक्षात लाँचर लवाजमा घेऊन येतो. स्टीमचंच पाहा. चिन्हावर क्लिक केलं की मुख्य स्टीम चालू होतो, आधी स्वतःचा अपडेट तपासतो, मग ‘स्टीमवेबहेल्पर’ नावाच्या बऱ्याच प्रक्रिया (मागे चालणारे छोटे प्रोग्रॅम) उभ्या करतो. दुकान, लायब्ररी, मित्रांची यादी हे जे काही दिसतं, ते हा वेबहेल्पर रंगवतो. मुळात तो क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्याच पायावर, बेतलेला एक छोटा ब्राउझरच आहे. एपिक गेम्स लाँचरचा असाच ‘एपिकवेबहेल्पर’ असतो. पुढे गेमची स्वतःची फाइल, तिच्या बाजूला इझी अँटी-चीट किंवा बॅटलआयसारखी फसवेगिरी पकडणारी सेवा, आणि पहिल्यांदा गेम चालवताना डायरेक्टएक्स आणि व्हिज्युअल सी प्लस प्लस या गेमला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या जोडभागांचे इन्स्टॉलर. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तर गेम म्हणून जे चालतं त्या प्रक्रियेचं नाव ‘जावाडब्ल्यू’ असतं. पालकाने ‘माइनक्राफ्ट लाँचर’ला हो म्हटलेलं असतं आणि कंट्रोलसमोर येऊन उभा राहतो हा कुणी अनोळखी जावाडब्ल्यू.

कंट्रोलला ही नातीगोती माहीत नसतात. त्याच्या दृष्टीने हे सगळे वेगवेगळे प्रोग्रॅम. म्हणून पांढरी विंडो दिसली की मी आता पहिला अंदाज हाच करते: मुख्य लाँचरला आत सोडलंय, रंगवणाऱ्या हेल्परला दारात थांबवलंय.

पण मग आठ दिवस तो चालला कसा? त्याचं उत्तर कंट्रोल प्रोग्रॅमला कशावरून ओळखतं यात आहे. ओळखायच्या पद्धती ढोबळमानाने तीन. विंडोजच्या अ‍ॅपलॉकरमध्ये (कोणता प्रोग्रॅम चालू द्यायचा हे ठरवणारी सोय) त्या तीन सरळ नावानिशी दिसतात आणि बाहेरची कंट्रोलंही यांतलीच एखादी वापरतात. एक, फाइलचा हॅश, म्हणजे जणू बोटाचा ठसा. फाइलमधला एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो, म्हणजे प्रत्येक अपडेटनंतर परवानगी रद्द. दोन, फाइलचा पत्ता, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे. तीन, प्रकाशकाची डिजिटल सही. कंपनीने सही केलेली कुठलीही नवी आवृत्ती चालते.

पत्त्यावरून ओळखणं बरं, असं वाटेल. पण काही लाँचर पत्ताच बदलतात. साध्या खात्यातून बसवलेला रोब्लॉक्स त्या वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटामध्ये (प्रोग्रॅमची माहिती ठेवणारं प्रत्येक खात्याचं स्वतःचं लपलेलं फोल्डर), लोकलच्या आत, ‘व्हर्जन्स’ नावाच्या फोल्डरमध्ये राहतो, आणि प्रत्येक आवृत्तीला तिथे लांबलचक आकड्या-अक्षरांच्या नावाचं नवं फोल्डर तयार होतं. डिस्कॉर्डचं तसंच, त्याच्या फोल्डरच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो. बॅटल डॉट नेटचा अपडेट करणारा ‘एजंट’ही प्रोग्रॅमडेटामध्ये (सगळ्या खात्यांचं सामायिक फोल्डर) दर आवृत्तीला नव्या क्रमांकाच्या फोल्डरात जाऊन बसतो. कंट्रोलच्या यादीत जुना पत्ता तसाच राहतो, जिथे आता कुणी राहत नाही. तुमच्या कंट्रोलच्या यादीत एकाच गेमचं नाव पाच-सहा वेळा दिसत असेल, तर हाच प्रकार चाललाय असं समजा. आमच्या यादीत सात होती.

उपाय तुमच्या कंट्रोलमध्ये काय सोय आहे त्यावर ठरतो. प्रकाशकाच्या सहीवरून परवानगी देता येत असेल तर तीच द्या, विषय संपला. ती सोय नसेल आणि फोल्डरला परवानगी देता येत असेल, तर आवृत्तीच्या फोल्डरला न देता त्याच्या वरच्या फोल्डरला द्या. यात एक भोक राहतं, ते माहीत असू द्या. अ‍ॅपडेटामध्ये मूल स्वतः काहीही ठेवू शकतं, म्हणजे भलताच प्रोग्रॅम उचलून त्या फोल्डरमध्ये टाकला की तोही चालतो. स्टीमच्या फोल्डरमध्येही साध्या खात्याला लिहिता येतं, त्याशिवाय मुलाच्या खात्यातून गेम अपडेटच झाले नसते. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी मी हा धोका पत्करते. तेरा-चौदाच्या मुलासाठी फोल्डर-परवानगी म्हणजे किल्ली हातात देण्यासारखंच आहे. पण त्या वयात एकेक फाइल अडवत बसण्यात तरी काय हशील, हा प्रश्न उरतोच.

आणि यांपैकी काहीच नसेल, फक्त एकेका फाइलला हो किंवा नाही एवढंच असेल, तर मग लाँचर अडवण्याचा नादच सोडा. लाँचर आणि त्याचे हेल्पर मोकळे ठेवा, कोणता गेम खेळायचा हे लाँचरच्या आतल्या नियंत्रणावर ठरवा. त्याबद्दल पुढे.

नेमकं कोण अडवतंय?

वरचं सगळं अपडेटच्या रोगाचं झालं. पण प्रत्येक वेळी तोच रोग नसतो, आणि इथे चोर सोडून संन्याशाला फाशी फार सहज होते. म्हणून दोन चाचण्या. दोन्ही मिळून दहा मिनिटं लागतात.

पहिली: त्याच संगणकावर पालकाच्या खात्यात साइन इन करा आणि तोच लाँचर उघडा. आधी मुलाच्या खात्यातून पूर्ण साइन आउट करा. नुसतं ‘स्विच युजर’ केलं तर मुलाच्या खात्यातला अर्धवट लाँचर मागे चालू राहतो, आणि बरेच लाँचर एका वेळी दोन खात्यांत नीट चालत नाहीत. म्हणजे चाचणीच खोटी ठरते. हे उलटही होतं. पालकाने दुपारी आपल्या खात्यात लाँचर उघडलेला, स्विच युजर करून उठून गेले, संध्याकाळी मुलाला तो उघडत नाही. एका मैत्रिणीकडे अख्खा प्रश्न एवढाच होता.

दुसरी: घरचं वायफाय सोडून फोनच्या हॉटस्पॉटवर संगणक जोडा आणि मुलाच्या खात्यातून लाँचर उघडा.

पालकाच्या खात्यात चालतो आणि मुलाच्या नाही, हॉटस्पॉटवरही नाही, तर अडथळा खात्यावरच्या कंट्रोलमध्ये किंवा खात्याच्या अधिकारांमध्ये आहे. हॉटस्पॉटवर चालतो, वायफायवर नाही, तर राउटर किंवा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा). दोन्हीकडे दोन्ही खात्यांत चालत नाही, तर कंट्रोलचा संबंध बहुधा नाहीच. फाइल्स खराब झाल्यात किंवा गेमचा सर्व्हर बंद आहे. सर्व्हरची स्थिती दाखवणारं पान बहुतेक मोठ्या गेम कंपन्यांचं असतं, ते सगळ्यांत आधी बघायला हवं होतं असं मला दर वेळी सगळ्यांत शेवटी आठवतं.

शिवाय बोलतंय कोण याकडे लक्ष द्या. स्क्रीन अंधारून मधोमध पासवर्ड मागणारी चौकट ही विंडोजची, तिला प्रशासकाचे अधिकार हवेत. तिचा पॅरेंटल कंट्रोलशी संबंध नाही. ‘परवानगी मागा’ असं बटण असलेली चौकट कंट्रोलची. लाँचरच्या विंडोच्या आतच, त्याच्याच रंगरूपात आलेला निरोप लाँचरच्या स्वतःच्या कौटुंबिक नियंत्रणाचा. आणि काहीच न बोलता चकरी फिरत राहिली, तर नेटवर्क.

काही म्हणता काही न सांगता लाँचर नाहीसा होत असेल, तर टास्क मॅनेजर उघडून ‘डीटेल्स’मध्ये नावानुसार यादी लावा आणि नजर तिथेच ठेवून लाँचर चालू करा. कोणतं नाव येऊन लगेच जातं ते दिसतं. त्यावर उजवं क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ केलं की पत्ता मिळतो. क्लिक करेपर्यंत गेलंच, तर फोनवर व्हिडिओ काढा आणि थांबवून वाचा. हसू नका, मला ‘वेबहेल्पर’ असाच सापडला. प्रोग्रॅम कोसळत असेल तर विंडोजच्या रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये त्या दिवसाखाली लाल फुलीसह त्याचं नाव येतं. नुसता अडवला जात असेल तर तिथे काही दिसेलच असं नाही, मग कंट्रोलचा स्वतःचा अहवाल पाहा.

‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची चूक

ही चूक मी स्वतः केली आहे आणि जवळजवळ प्रत्येक घरात पाहिली आहे, म्हणून जरा सविस्तर.

मुलाचं खातं साधं असतं, आणि असायलाच हवं. प्रशासक खात्यावर लावलेलं कंट्रोल काढून टाकायला प्रशासकाला वेळ लागत नाही. लाँचर बसवताना विंडोज प्रशासकाचा पासवर्ड मागतं. आई किंवा बाबा येतात, आपला पासवर्ड टाकतात, इन्स्टॉल पूर्ण होतं, गेम उघडतोसुद्धा. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी मुलाच्या खात्यात तो गेम नाहीच, किंवा आहे पण साइन इन गेलेलं आणि सेव्ह केलेलं सगळं गायब.

झालं असं, की साध्या खात्यात बसून प्रशासकाचा पासवर्ड टाकला की तो प्रोग्रॅम त्या प्रशासकाच्या नावाने चालतो. त्याचा अ‍ॅपडेटा म्हणजे आईचा अ‍ॅपडेटा, त्याचं डॉक्युमेंट्स म्हणजे आईचं डॉक्युमेंट्स. अ‍ॅपडेटात बसणारा लाँचर आईच्या घरात जाऊन बसला. मुलाच्या खात्यातून तिथे डोकावताही येत नाही. त्यातून लाँचर तसाच चालू ठेवून गेम खेळला, तर तो कालचा सेव्हही आईच्याच नावावर. शिवाय प्रशासक म्हणून चालणाऱ्या लाँचरला कंट्रोल मुलाचा मानत नाही, त्यामुळे त्या दिवशी काही अडत नाही आणि आपल्याला वाटतं प्रश्न सुटला.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसणारे लाँचर, म्हणजे स्टीम, एपिक वगैरे, पालकाच्या खात्यातून बसवावेत. त्यांचे गेमही पहिल्यांदा तिथूनच एकदा चालवून बघावेत, म्हणजे डायरेक्टएक्स, व्हिज्युअल सी प्लस प्लस आणि अँटी-चीटचे इन्स्टॉलर तेव्हाच उरकतात. अ‍ॅपडेटात बसणारे लाँचर मात्र मुलाच्याच खात्यातून, पासवर्ड न टाकता बसवावेत. त्यांना तो लागत नाही; मागितलाच तर ‘नाही’ म्हणा, बरेचसे साध्या अधिकारांवर पुढे जातात. आणि पालकाचा पासवर्ड टाकून इन्स्टॉल केलंच असेल, तर शेवटी येणारं ‘आता चालू करा’ हे खूणचिन्ह काढून टाका. त्या एका खुणेने अर्धे घोळ होतात.

गेम चालतो पण सेव्ह होत नाही, असं फक्त असेल, तर विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर संरक्षणाखालचं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू आहे का बघा. ते डॉक्युमेंट्समध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही आणि कितीतरी गेम नेमके तिथेच सेव्ह करतात. गेमला त्याच्या यादीत घाला. आणि लॅपटॉप विंडोजच्या एस मोडमध्ये असेल तर शोधाशोध थांबवा. तिथे मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काही चालतच नाही.

साइन इनच्या वेळी अडणं

काही लाँचर साइन इन स्वतःच्या विंडोत करतात, काही त्यासाठी संगणकाचा नेहमीचा ब्राउझर उघडतात, विशेषतः गूगल किंवा दुसऱ्या कुठल्या खात्याने साइन इन करायचं असेल तेव्हा. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं पॅरेंटल कंट्रोल म्हणजे फॅमिली सेफ्टी, त्याचा वेब-फिल्टर फक्त एज ब्राउझरवर काम करतो, म्हणून फिल्टर चालू केलं की बाकीचे ब्राउझर अडवले जातात. मुलाच्या खात्यात नेहमीचा ब्राउझर क्रोम असेल, तर लाँचर त्याला हाक मारणार, तो उघडणार नाही, आणि लाँचर ‘ब्राउझरमध्ये साइन इन पूर्ण करा’ म्हणत ताटकळणार. २०२५ च्या जूनमध्ये तर याच फिल्टरपायी क्रोम उघडल्याउघडल्या मुकाट बंद होत असल्याच्या बऱ्याच तक्रारी आल्या होत्या. कसला निरोप नाही, काही नाही. अशा वेळी दोष लाँचरवर जातो.

मुलाच्या खात्यात एजलाच नेहमीचा ब्राउझर करा. फिल्टरमध्ये ‘फक्त परवानगी असलेली संकेतस्थळं’ असं निवडलं असेल, तर लाँचर ज्या ज्या पत्त्यांवर साइन इन करतो ते सगळे यादीत घालावे लागतात, आणि ते दिसतात त्याहून जास्त असतात. एज उघडून मुलाबरोबर एकदा साइन इन पूर्ण करा आणि कुठल्या पानावर अडतं तो पत्ता वरच्या पट्टीतून टिपून घ्या.

राउटर आणि डीएनएस

कुटुंबांसाठीचे तयार डीएनएस, उदाहरणार्थ २०२० पासून मिळणारा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ किंवा ओपनडीएनएसचं फॅमिलीशील्ड, मुख्यतः प्रौढांसाठीची आणि घातक संकेतस्थळं अडवतात. गेमच्या वाटेला ते सहसा जात नाहीत, म्हणून तेवढंच लावलेलं असेल तर संशय दुसरीकडे वळवा. त्रास होतो तो वर्गवार अडवणाऱ्या फिल्टरचा. ‘सोशल नेटवर्क’, ‘चॅट’, ‘डाउनलोड’, ‘गेम्स’ अशा खुणा करताना आपल्याला कल्पना नसते की एकच लाँचर या चारही वर्गांत मोडतो. स्टीमचं दुकान स्टीमपॉवर्ड डॉट कॉमवर, चित्रं स्टीमस्टॅटिकवर, मित्र आणि प्रोफाइल स्टीमकम्युनिटीवर, गेमच्या फाइल्स स्टीमकंटेंटवर. यांतला एकच अडला की लक्षणं विचित्र दिसतात: दुकान उघडतं पण चित्रांच्या जागी राखाडी चौकोन, किंवा सगळं छान दिसतं आणि डाउनलोड शून्यावर थांबलेलं. काही राउटर सुरक्षित संकेतस्थळांचा ४४३ सोडून बाकी पोर्ट, म्हणजे नेटवर्कची क्रमांकवार दारं, मुलांच्या उपकरणांसाठी बंद करतात. स्टीमला साइन इन आणि डाउनलोडसाठी २७०१५ ते २७०५० हे टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारचे पोर्ट लागतात.

राउटरच्या अहवालात अडवलेल्या पत्त्यांची यादी असते. लाँचर उघडून लगेच ती पाहा आणि त्या मिनिटातले पत्ते मोकळे करा. इंटरनेटवरच्या तयार याद्या चिकटवण्यापेक्षा हे बरं, कारण त्या याद्या लवकर शिळ्या होतात.

कंट्रोल सुरक्षित जोडणीतलाही मजकूर तपासत असेल, म्हणजे मध्ये स्वतःचं प्रमाणपत्र घुसवत असेल, तर काही लाँचर ते प्रमाणपत्र झिडकारतात आणि ‘सर्व्हरशी जोडता येत नाही’ म्हणतात. लाँचरच्या फाइल्सना त्या तपासणीतून वगळा. तसंच मुलाचा स्क्रीन टिपणारं, प्रत्येक प्रोग्रॅममध्ये आपला तुकडा घुसवणारं कंट्रोल आणि अँटी-चीट यांचं सूत जमणं अवघड. अँटी-चीटच्या नजरेत असा घुसखोर म्हणजे फसवणाराच. तिथे तडजोड नाही. त्या गेमपुरतं स्क्रीन टिपणं बंद करा किंवा तो गेम सोडा. अँटी-चीट बंद करण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागून मुलाच्या खात्यावर बंदी ओढवून घेऊ नका.

दोन घड्याळं

वेळेची मर्यादा हा स्वतंत्र तमाशा. भावाच्या घरी विंडोजवर दीड तास, लाँचरमध्ये एक तास आणि राउटरवर रात्री आठनंतर बंद, अशी तीन कुलपं एकाच दाराला होती. रोज वेगळं कुलूप आधी लागायचं आणि पोरगा म्हणायचा, गेम बिघडलाय. बिघडलेला काहीच नव्हता.

मधेच वेळ संपली आणि त्याच क्षणी अपडेट चालू असला, तर अर्धवट फाइल्स राहतात आणि दुसऱ्या दिवशी गेम उघडत नाही. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्सखाली फाइल्स तपासायची सोय आहे, एपिकमध्ये गेमच्या तीन टिंबांतून ‘मॅनेज’मध्ये ‘व्हेरिफाय’. हे चालवलं की तुटलेलं तेवढंच परत उतरतं. अख्खा गेम काढून बसवायची गरज नसते. पुन्हा होऊ नये म्हणून अपडेट मुलाच्या वेळेतून बाहेर काढा. स्टीमच्या डाउनलोड सेटिंगमध्ये अपडेटची वेळ ठरवता येते. पण त्या वेळी मुलाचं खातं बंद असेल तर अपडेट करणार कोण? मी शुक्रवारी रात्री माझ्या खात्यातून लाँचर उघडून सगळं अपडेट करून घेते आणि नीट बंद करते. कंटाळवाणं आहे, पण शनिवारी सकाळची हाकाटी वाचते.

काही कंट्रोल घड्याळाशेजारी चिन्ह होऊन बसलेल्या लाँचरचाही वेळ मोजतात. मुलगी म्हणते अर्धाच तास खेळले आणि अहवाल म्हणतो दोन तास, तेव्हा खोटं कुणीच बोलत नसतं. लाँचर विंडोजबरोबर आपोआप चालू होणं बंद करा, आणि विंडो बंद केल्यावर लाँचरही पूर्ण बंद व्हावा अशी सोय असेल तर ती निवडा.

शेवटी मी काय ठेवलं

एका कामाला एकच कुलूप. किती वेळ, हे विंडोजच्या खात्यावर. कोणते गेम, चॅट, खरेदी, हे लाँचरच्या आत. वाईट संकेतस्थळं, ती डीएनएसवर. तीनही ठिकाणी बाकीच्या सोयी बंद, कितीही मोह झाला तरी.

गेमची निवड लाँचरच्या आत ठेवायचं कारण साधं आहे: आपला कोणता अपडेट आला आणि आपली फाइल कुठे गेली हे लाँचरला ठाऊक असतं, बाहेरच्या पहारेकऱ्याला नसतं. स्टीम फॅमिलीज ही स्टीमची कुटुंबांसाठीची सोय सप्टेंबर २०२४ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली आणि तिने फॅमिली व्ह्यू या जुन्या पालक-नियंत्रणाची जागा घेतली. त्यात सहा जण असू शकतात. मुलाला कोणते गेम दिसावेत, दुकान आणि चॅट असावं की नाही, किती वेळ खेळावं हे पालकाच्या खात्यातून ठरतं, आणि जास्त वेळाची विनंती पालकाकडे येते. फक्त चाचणी म्हणून कुणाला काढून दुसऱ्याला घालायला जाऊ नका. रिकामी झालेली जागा नव्या सदस्यासाठी वर्षभर मोकळी होत नाही. एपिकमध्ये पालकांचं नियंत्रण सहा अंकी पिनवर चालतं, आणि लहान वयाची जन्मतारीख दिली की पालकाची संमती येईपर्यंत खातं मर्यादित राहतं. गेम चालतो, पण चॅट आणि खरेदी बंद. डिसेंबर २०२२ पासून अशी खाती आहेत. चॅट अचानक गेलं म्हणून विंडोजची सेटिंग उसवण्याआधी संमतीचं ईमेल कुठे पडून आहे का बघा. माइनक्राफ्ट ‘मल्टिप्लेअर बंद आहे’ म्हणत असेल, तर त्याचीही किल्ली विंडोजच्या स्क्रीन टाइममध्ये नाही. एक्सबॉक्सच्या खात्यात गोपनीयता आणि ऑनलाइन सुरक्षिततेखाली मुलाच्या नावापुढे ती परवानगी असते. बदल केल्यावर लाँचरमधून साइन आउट करून परत साइन इन करायला विसरू नका, नाहीतर बदल झालाच नाही असं वाटतं.

कंट्रोलमध्ये काही बदललं की लगेच तपासू नका, हेही सांगते. सेटिंग फोनवरून सर्व्हरवर आणि तिथून मुलाच्या संगणकावर यायला वेळ लागतो. तेवढ्यात आपण आणखी तीन बटणं दाबतो आणि मग कशाने चाललं तेच कळत नाही. एक बदल, मुलाच्या खात्यातून साइन आउट, साइन इन, थोडं थांबा, मग चाचणी. वहीत ओळ.

एवढं करूनही अडलंच, तर कंट्रोलच्या मदत विभागाला ‘गेम चालत नाही’ एवढंच लिहू नका. अडणाऱ्या फाइलचं पूर्ण नाव आणि पत्ता, अडचण अपडेटनंतर आली का, पालकाच्या खात्यात आणि हॉटस्पॉटवर काय झालं, विंडोजची, कंट्रोलची आणि लाँचरची आवृत्ती, एवढं पहिल्याच निरोपात द्या. मला तीन आठवडे ‘संगणक पुन्हा सुरू करून पाहा’ असं उत्तर येत होतं. मुलीच्या वहीच्या त्या पानाचा फोटो आणि वेबहेल्परचा पत्ता पाठवला, त्यानंतर दुसऱ्या दिवशी प्रकाशकाच्या सहीवरून परवानगी कुठून द्यायची ते कळवलं. सोय तिथेच होती, प्रगत सेटिंगच्या तिसऱ्या पानावर.